जाम पिस्टन आणि कर्माची पाच कारणे

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात असे सांगितले आहे की, ज्याला कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म दिसते तोच माणसांमध्ये बुद्धिमान समजावा. या विधानाच्या पहिल्या भागावर, म्हणजे कर्म घडत असताना आत्मा अकर्ता कसा राहतो यावर, भाष्यकारांनी विपुल लिहिले. दुसऱ्या भागाचा विचार मात्र बहुधा निषेधाच्या अंगाने झाला: हात बांधून बसलेला माणूसही 'मी काही करीत नाही' या अहंकाराने बांधला जातोच, असा त्याचा अर्थ आचार्यांनी लावला. तो अर्थ योग्यच आहे. पण न करण्याचा आणखी एक प्रकार आहे, ज्याकडे तत्त्वचर्चेत पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो म्हणजे पूर्ण तयारीनिशी, ठरवून आणि लक्ष ठेवून केलेली प्रतीक्षा. ही प्रतीक्षा स्वतःच कर्म आहे, की दोन कर्मांच्या मधला रिकामा काळ आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न तपासण्यासाठी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या जाम इंजिनाचे उदाहरण घेण्यास एक निश्चित कारण आहे. माणसाच्या बाबतीत वाट पाहिली तर समोरच्याचे मन बदलू शकते, आणि पिकाच्या बाबतीत वाट पाहिली तर बीजातला जीव आपले काम करीत असतो. त्यामुळे फळ आले तरी ते प्रतीक्षेचे की त्या दुसऱ्या चेतनेचे, हे ठरवता येत नाही. लोखंडाला मन नाही, जीव नाही, रुसवा नाही. तेथे दुसरी इच्छाशक्तीच नसल्यामुळे प्रतीक्षेने जे साधते किंवा साधत नाही, ते उघडे दिसते.

प्रथम जाम होणे म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, झेटर २५११ यांसारख्या ज्या ट्रॅक्टरांनी मागच्या पिढ्यांची नांगरट केली, त्यांतले अनेक आज गोठ्यामागे किंवा बांधावर उभे आहेत. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांचा सायलेन्सर बॉनेटवर सरळ उभा असतो, आणि त्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घालण्याची साधी काळजी कोणी घेतली नाही तर पावसाचे पाणी त्या नळीतून खाली उतरते. इंजिन थांबते त्या क्षणी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल, त्याच सिलिंडरात ते पाणी शिरते. म्हणून अनेकदा तीन-चार सिलिंडरांपैकी एकच जाम झालेला आढळतो आणि तो एकटा सगळ्या क्रँकला धरून ठेवतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याच्या खाचांत बसलेल्या रिंगा बिडाच्या आणि भोवतालचा लायनरही बहुधा बिडाचाच असतो. पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संगतीने रिंग व लायनर यांच्या मधल्या, केसाहून बारीक फटीत गंज तयार होतो. हा गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, पण फटीत तेवढी जागा नसते. त्यामुळे तो दोन्ही बाजूंना दाब देत घट्ट बसतो. म्हणजे ज्याला अडकणे म्हणतात ते नुसते चिकटणे नव्हे, तर दोन वस्तूंच्या मध्ये तिसऱ्या पदार्थाने निर्माण होऊन स्वतःला पाचरीसारखे ठोकून घेणे आहे.

बौद्ध परंपरेत धम्मपदाच्या मलवर्गात गंजाचा दृष्टान्त आला आहे: लोखंडातून उपजलेला मळ लोखंडालाच खातो, तशी माणसाची स्वतःची कर्मे त्याला दुर्गतीला नेतात, असा त्याचा आशय आहे. नीतिबोध म्हणून तो चिरंतन आहे. तथापि बौद्धांच्याच प्रतीत्यसमुत्पादाच्या सिद्धान्ताने, म्हणजे प्रत्येक गोष्ट अनेक कारणसामग्रीवर अवलंबून उत्पन्न होते या मताने पाहिले, तर गंज एकट्या लोखंडातून उपजत नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही असतील तरच तो उपजतो, आणि त्यांतले एक काढून घेतले की त्याची वाढ थांबते. बंद पडलेल्या इंजिनात तेल ओतणाऱ्याचे पहिले काम हेच असते. तेल गंज विरघळवते असे पुष्कळांना वाटते, पण साधे तेल गंज विरघळवीत नाही. ते पाण्याला व हवेला वाट बंद करते आणि मग फटींतून हळूहळू आत झिरपत जाते.

आता बळाचा विचार. वैशेषिक दर्शनाने, म्हणजे कणादाच्या सूत्रांपासून सुरू झालेल्या आणि जगातील पदार्थांचे वर्गीकरण करणाऱ्या दर्शनाने, संयोग आणि विभाग असे दोन स्वतंत्र गुण मानले आहेत. त्यातील विशेष असा की, विभाग म्हणजे संयोगाचा केवळ अभाव नव्हे. तो स्वतः उत्पन्न व्हावा लागतो आणि उत्पन्न झाल्यावर संयोगाचा नाश करतो. व्यवहारात दोन वस्तू सुटणे ही सहज गोष्ट वाटते, पण एखादा जाम नट ज्याने सोडवला आहे त्याला वैशेषिकांचे म्हणणे तत्काळ पटेल, कारण सुटणे ही तेथे घडवून आणावी लागणारी गोष्ट असते. गती निर्माण करणाऱ्या संयोगाचेही या दर्शनाने दोन प्रकार केले आहेत. ज्यात ढकलणारी वस्तू ढकलल्या जाणाऱ्या वस्तूला लागूनच राहते आणि आवाज होत नाही ते नोदन. आणि ज्यात एक वस्तू दुसरीवर आदळते व आवाज उत्पन्न होतो तो अभिघात. पाना लावून दिलेला जोर हे नोदन आहे, हातोडीचा घाव हा अभिघात आहे, आणि जाम भाग सोडवण्याची सगळी विद्या या दोहोंचा क्रम व प्रमाण ओळखण्यात आहे.

अननुभवी माणूस नोदनावर भर देतो. नट हलत नाही म्हणून पान्याला लांब पाइप लावतो, पाइपवर अंगाचा भार टाकतो, आणि बळ वाढवले की फळ वाढेल असे समजतो. येथे अगदी जवळून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. नट खरोखर सुटतो तेव्हा प्रथम कट् असा कोरडा आवाज होतो आणि मग तो किरकिरत, अडखळत फिरू लागतो. नटाऐवजी त्याच्या आतला स्टड पिळला जात असेल तर आवाज होत नाही. पाना फिरतो, पण हाताला मऊ लागतो, आणि हे मऊपण नवख्याला यशासारखे वाटते. जाणता फिटर त्याच जागी हात थांबवतो, नट उलट थोडा आवळतो, हलक्या हातोडीने चारही बाजूंनी ठोकतो, पुन्हा तेल सोडतो. जो थांबत नाही त्याच्या हातात पुढच्या पाव फेरीत तुटलेला स्टड येतो, आणि मग उरलेले खुंट ब्लॉकमधून काढण्यासाठी ड्रिल, त्यावर नवा नट वेल्ड करणे, आटे पुन्हा पाडणे असे काम निघते, जे मूळ कामाच्या कितीतरी पट मोठे असते. आपल्या बळाने आपलेच कार्य बिघडवणे याला नीतिशास्त्रात जे नाव असेल ते असो; कर्तृत्वाच्या विचारात तो प्रमाद आहे, कारण कर्त्याने येथे पाच कारणांपैकी एकालाच सर्वस्व मानलेले असते.

ही पाच कारणे गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार किंवा ठिकाण, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध व्यापार, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी त्यांचा अर्थ देहाच्या मर्यादेत लावला. त्यांच्या मते अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी याच श्लोकांचे विवरण मराठीत विस्ताराने केले. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात मात्र या पाचव्या कारणाला देहाबाहेर आणले. माणूस असो वा नसो, सृष्टीचे व्यापार आपापल्या स्वभावाने चालूच असतात, आणि माणूस ज्याला आपले कर्म म्हणतो ते त्याच्या यत्नाला त्या व्यापारांची जोड मिळून झालेले असते, असा त्यांचा आशय आहे. आणि त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण शेतीचे आहे, ज्यात जमीन, बी, पाणी, खत आणि बैल यांच्या गुणधर्मांची मदत लागते. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला तरी या विवेचनाला बाध येत नाही. उलट बैलाची मदत त्याच्या जिवंतपणामुळे सहज दिसत होती, आणि यंत्राच्या बाबतीत मात्र सगळे आपणच केले असा समज होण्याची शक्यता अधिक आहे.

टिळकांच्या अर्थाने पाहिले तर जाम इंजिनाच्या बाबतीत दैव म्हणजे काय हे नेमके सांगता येते. तेल फटीत शिरते ते केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या धर्माने. तापवलेले लोखंड प्रसरण पावते: वीस मिलिमीटर छिद्राचा नट तीनशे अंशांनी तापवला तर छिद्र सुमारे सात शतांश मिलिमीटरने मोठे होते. एवढ्या वाढीने ठिसूळ गंजाला तडे जातात, आणि निवताना त्या तड्यांतून तेल आत जाते. (तेल ओतलेल्या जागी आच धरली तर वाफ पेट घेते, म्हणून आच आधी आणि तेल नंतर, हा क्रम जिवाच्या काळजीचा आहे.) यांपैकी कोणताही व्यापार माणूस करीत नाही. तो फक्त त्यांना वाव देतो, आणि वाव दिल्यानंतर त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो कमी करू शकत नाही.

मग प्रतीक्षेचे स्थान पाचांपैकी कोठे? ती रिकामा काळ असेल तर त्या काळातले सर्व कार्य दैवाच्या खात्यावर टाकावे लागेल. पण दोन ट्रॅक्टर शेजारी उभे आहेत असे धरावे: एक टाकून दिलेला, दुसऱ्याची नोझल काढून, प्रत्येक सिलिंडरात डिझेल आणि पातळ ऑइल भरून, वरचे तोंड झाकून ठेवलेला. महिनाभर दोन्ही निश्चल असतात, दोहोंजवळ कोणी घाव घालीत नाही. बाहेरून अकर्म सारखेच आहे. फरक असा की, दुसऱ्याच्या बाबतीत कोणीतरी दर काही दिवसांनी येऊन तेलाची पातळी पाहतो. पातळी तशीच असेल तर रिंगांनी अजून वाट दिलेली नाही. पातळी उतरली असेल तर तेल रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये गेले आहे, म्हणजे मार्ग सापडला आहे, आणि आता तेथे पुन्हा तेल भरायचे आहे. टॉप गिअर टाकून मागचे चाक किंचित पुढे-मागे रेटून पाहणे, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देणे, जरा हलला की आणखी पुढे न ढकलता उलट दिशेला परत आणणे, म्हणजे सुटलेली पूड बाहेर निघते, हे सगळे या प्रतीक्षेच्या पोटात येते. येथे प्रतीक्षा ही चेष्टाच आहे, फक्त तिचे रूप कर्त्याने स्वतःला आवरून धरण्याचे आहे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विकर्म या शब्दाचा अर्थ निषिद्ध कर्म असा न घेता, बाहेरच्या कर्माला मिळालेली आतल्या मनाची विशेष जोड असा घेतला. परंपरेतील अर्थाशी तो जुळत नाही असा आक्षेप घेता येईल, पण प्रस्तुत प्रश्नात तो फार उपयोगी आहे. टाकून दिलेल्या आणि भिजत ठेवलेल्या ट्रॅक्टरमधला फरक त्या आतल्या जोडीचाच आहे, आणि विशेष हे की, येथे ती जोड तेलाच्या पातळीइतकी मोजता येण्यासारखी होऊन बाहेर दिसते.

या मताला दोन टोकांकडून विरोध संभवतो. एका टोकाला मक्खलि गोसालाचा आजीवक नियतिवाद आहे, ज्याच्या मते सर्व काही नियतीने ठरलेले असून पुरुषाच्या पराक्रमाला अर्थ नाही. सुटायचा तेव्हा पिस्टन सुटेल. त्याला उत्तर सोपे आहे: कोणी तेल ओतले नाही तर तो सुटत नाही, अधिकच जाम होतो. दुसऱ्या टोकाला योगवासिष्ठ आहे, आणि त्याचे म्हणणे अधिक खोलवर जाणारे आहे. त्याच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ दैव नावाची वेगळी वस्तूच नाकारतात. दैव म्हणजे पूर्वीचा स्वतःचाच पुरुषार्थ, आणि तो आजच्या पुरुषार्थाशी दोन मेंढ्यांप्रमाणे झुंजतो, त्यात बलवान असेल तो जिंकतो. गंजाच्या बाबतीत हे अक्षरशः लागू पडते असे प्रथमदर्शनी वाटते. पत्र्याचा डबा सायलेन्सरवर न घालणे, शेवटच्या हंगामानंतर इंजिन महिन्यातून एकदाही न फिरवणे, हा जुना आळसच आज कठीण दैव होऊन समोर उभा असतो.

परंतु येथे कर्मसिद्धान्तापुढे एक खरी अडचण उभी राहते आणि ती टाळणे योग्य होणार नाही. भारतीय दर्शनांनी कर्माच्या न्यायात दोन दोष येऊ नयेत असे म्हटले आहे: कृतनाश, म्हणजे केलेल्याचे फळ न मिळता ते नष्ट होणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचे फळ पदरी पडणे. जुना ट्रॅक्टर बहुधा वारशाने येतो. बापाने किंवा चुलत्याने तो उभा करून ठेवलेला असतो, आणि गंज सोडवायला बसतो तो पुतण्या किंवा मुलगा. हा उघड अकृताभ्यागम आहे. जन्मान्तराच्या आधारे त्याचा परिहार करता येईल, पण तसा परिहार लोखंडाच्या एका तुकड्यासाठी करणे हे सिद्धान्ताचा भार नको तेथे टाकण्यासारखे आहे. त्यापेक्षा ऋणाची वैदिक कल्पना येथे अधिक प्रामाणिक वाटते. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे ब्राह्मणग्रंथांनी मानले. म्हणजे ज्याचा व्यवहार आपण केला नाही त्याचे देणे आपल्याकडे येते, हे त्यांनी अन्याय न मानता माणूस असण्याचा भाग मानले. पितरांकडून जमीन, ट्रॅक्टर आणि त्या ट्रॅक्टरातला गंज एकाच वारशात येतात. यातला एक भाग घेऊन दुसरा नाकारता येत नाही.

राहतो प्रश्न श्रेयाचा. पिस्टन अखेर हलतो तेव्हा एका विशिष्ट ठोक्याला हलतो, आणि पाहणारे त्या ठोक्याचे कौतुक करतात. पूर्वमीमांसेने यज्ञाबाबत हाच प्रश्न सोडवण्यासाठी अपूर्व नावाची अदृश्य शक्ती मानली: यज्ञ आज संपतो, फळ पुढे कधीतरी मिळते, मधल्या काळात ते कोठे असते, तर प्रत्येक अंगभूत क्रियेने उत्पन्न केलेल्या अपूर्वात, जी मिळून शेवटी फळ देतात. जाम पिस्टनला अपूर्वाची गरज नाही, आणि मीमांसकांनीच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दृष्ट कारण पुरेसे असेल तेथे अदृष्टाची कल्पना करू नये. प्रत्येक आधीच्या ठोक्याने गंजात खरा, भौतिक, फक्त डोळ्याला न दिसणारा तडा पाडलेला असतो. तरीही रचना तीच आहे: निष्फळ वाटलेली चेष्टा निष्फळ नव्हती, ती साठत होती. गीता ज्याला फलासक्ती म्हणते तिचा दोष येथे व्यवहारातच सिद्ध होतो, कारण ज्याला प्रत्येक ठोक्याचे फळ त्याच ठोक्याला हवे असते तोच हातोडी मोठी घेतो, आणि पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड गमावतो. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढून सुरू करण्याचा हट्ट याच जातीचा आहे. जाम पिस्टनवर एवढे बळ एकदम आले की रॉड वाकतो.

येथपर्यंतच्या विवेचनावरून प्रतीक्षा कधीच संपू नये असा अर्थ निघत नाही. अठराव्या अध्यायातच त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मोहाने सोडणे तामस, कष्टाच्या भीतीने सोडणे राजस, आणि कर्म करीत असताना आसक्ती व फळ सोडणे सात्त्विक. काही इंजिने सुटत नाहीत. काहींत पिस्टन फोडून बाहेर काढणे हाच ब्लॉक वाचवण्याचा उपाय असतो, कारण पिस्टन नवा मिळतो आणि जुना ब्लॉक मिळणे कठीण. काहींत लायनरला इतके खोल खड्डे पडलेले असतात की सुटलेला पिस्टनही दाब धरणार नाही. लायनर बदलता येत असेल तर बदलावा, नसेल तर बोअर मोठे करून पाहावे, आणि तेही होत नसेल तर ते यंत्र सोडून देणे हा राजस त्याग म्हणता येणार नाही. पण सोडणे सात्त्विक आहे की राजस, हे सोडण्याआधी वस्तूच्या ज्ञानावरून ठरले पाहिजे, कंटाळ्यावरून नव्हे, आणि गीतेच्या त्यागविचाराची या ठिकाणी खरी कसोटी लागते. लायनरला पडलेले खड्डे नखाला लागतात की नुसत्या डागासारखे वरवर आहेत, हे त्यावर बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि नेमक्या ज्या भागावर बोट फिरवायचे तो रिंगांच्या मागे झाकलेला असतो; तेथवर हात पोचण्यासाठी पिस्टन आधी निदान दोन बोटे खाली सरकावा लागतो.